रानकोंब्याच्या लेकी

कोंबडी माणसाच्या दारात कशी आली, या एका प्रश्नावर माझी उमेदीची वर्षं गेली. लोकांना सांगितलं की हसू येतं. आमचे काका तर मी घरी पोचायच्या आत, पायरीवरच विचारायचे, "काय गो बाय, आदी कोंबी काय आदी अंडां? लागलो शोध?" मी चिडले की त्यांना जास्तच चेव यायचा. मी अनुवंशशास्त्राची माणूस. दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत पाळीव कोंबड्यांचं आणि रानकोंबड्यांचं रक्त शेजारी शेजारी ठेवून, कोणाचं किती कोणात उतरलंय ते वाचायचं, हे माझं काम. त्यासाठी मी कुठल्या कुठल्या डोंगरपाड्यांत जाऊन कोंबड्यांच्या मागे धावले आहे. एकदा तर कोंबडाचोर समजून लोकांनी मला अडवूनही ठेवलं होतं.

जगभर पाळतात त्या कोंबडीचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा. तो आमच्याकडचा नव्हे. आमच्या सह्याद्रीच्या रानात असतो तो करडा, मानेवर पिवळट-पांढरे ठिपके मिरवणारा. पण बाजारात टांगलेल्या कोंबडीचे पाय पिवळे दिसतात ना, ते पिवळेपण या करड्याकडून आलेलं आहे. म्हणजे फार मागे कधीतरी, कुणाच्यातरी अंगणात तो उतरला आणि त्याचा वंश तिथेच राहिला. ही गोष्ट मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना मोठ्या कौतुकाने सांगत आले. आता ती सांगावीशी वाटत नाही, कारण तो पुन्हा एकदा उतरला, तो आमच्याच अंगणात.

आमचा गाव डिचोली तालुक्यातला. साखळीला बस बदलायची आणि खाणीच्या रस्त्याने आत यायचं. घरामागे काजूंचा उतार आहे, त्याच्यावर डंप. डंप म्हणजे खनिज काढून उरलेल्या तांबड्या मातीचा रचलेला डोंगर. त्याच्या पलीकडे पाण्याने भरलेला खंदक, इतका खोल की लहानपणी तिकडे नुसतं बघितलं तरी आई ओरडायची. माझ्या दादाचा स्वतःचा ट्रक होता. खाणीतून माल भरून नदीच्या धक्क्यावर न्यायचा, तिथून तो माल बार्जने मुरगाव बंदरात जायचा. त्याच धंद्यात दोडामार्गकडचा एक वयस्क ड्रायव्हर होता. दादा त्याच्या घरी जेवायला जायला लागला आणि त्याच्या मुलीला लग्न करून घेऊन आला. ती माझी वैनी.

तिची जात वेगळी. वडील गेल्यापासून घरात शब्द चालायचा काकांचा, आणि काका लग्नाला आले नाहीत. पुढे वैनीच्या हातची बांगड्यांची आमटी खाऊन ते जरा निवळले. बोलायला लागले, चहा मागायला लागले. पण विसरले मात्र नाहीत. काका काही विसरत नाहीत, फक्त बाजूला काढून ठेवतात.

वैनीला मूल झालं नाही. पणजीचे डॉक्टर झाले, सावंतवाडीचे झाले. दोघांतही काही वांधा नाही, असंच सगळे म्हणाले. मग दोघांनी तो विषय बंद केला. वैनीने कोंबड्या पाळल्या.

आमच्याकडे अंड्यांवर कोंबडी बसवायची ती कुणाच्याही हाताने नव्हे. कोंबडी खुडूक झाली, अंग फुलवून कोपऱ्यात बसून राहायला लागली, की हातगुण असलेल्या बाईला बोलावतात. ती टोपलीत भाताचा कोंडा घालते, मेघ गडगडला तर अंडी बिघडू नयेत म्हणून तळाला कोळसा आणि लोखंडाचा खिळा ठेवते, आणि आपल्या हाताने एकेक अंडं मांडते. पिल्लं निघाली की त्यांतली काही तिची. वैनी आली त्या वर्षी शेजारणीने सहज म्हणून तिच्याकडून अंडी मांडून घेतली, तर एकही फुकट गेलं नाही. तेव्हापासून वाड्यावरची, म्हणजे आमच्या वस्तीवरची, प्रत्येक टोपली वैनीच्या हाताची. देव एका हाताने नेतो आणि दुसऱ्या हाताने देतो, असं बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या. वैनी हसायची. मला ते बोलणं तेव्हाही आवडायचं नाही, पण तिला चालत होतं तर मी कोण बोलणार?

मग खाण बंद पडली. दादाचा ट्रक दारात उभा राहिला, त्याच्या चाकांवर वेल चढले. डंपवर झाडोरा माजला. जिथे दिवसभर धूळ उडायची तिथे रान उतरून आलं, आणि रानाबरोबर तो. मी सुट्टीत आले होते. सकाळी पोदेर भोंगा वाजवून पाव देऊन गेला, तेवढ्यात वैनीने मला खिडकीपाशी ओढलं.

"वन्सं, बगा, राजा इलो!"

काजूखाली तो उभा होता. करडा, ठिपक्यांची मान ताठ, एक पाय उचललेला. वैनीच्या दोन कोंबड्या त्याच्यापासून हातभर अंतरावर माती उकरत होत्या, जसा काही तो रोजचाच पाहुणा. मी आयुष्यभर ज्याचा अंदाज कागदावर बांधत आले ते डोळ्यांसमोर घडत होतं. मला आनंद झाला. मी फोटो काढले, प्रयोगशाळेत पाठवले. दादा मात्र ट्रकजवळ उभा राहून म्हणाला, "रानातलो दारात इलो म्हणजे बरां न्हय." मी त्याला हसले.

त्या वर्षीची पिल्लं वेगळीच निघाली. सडपातळ, चपळ, कुंपणावरून उडून आंब्याच्या फांदीवर बसणारी. माद्या तर इतक्या देखण्या की वाड्यावर त्यांच्यासाठी रुसवेफुगवे झाले. वैनीने आपल्या वाट्यातल्याही वाटून टाकल्या. कुणाच्या घरी बारसं, दे कोंबडी. कुणाची म्हातारी आजारातून उठली, दे कोंबडी. वर्षभरात असं घर उरलं नाही जिथे वैनीच्या हाताची एक तरी ठिपक्यांची कोंबडी नव्हती.

त्या कोंबड्या अंडी घालायला लागल्या, खुडूकही झाल्या. वैनीने घरोघर जाऊन टोपल्या मांडल्या. कोंबड्या बसल्या आणि बसूनच राहिल्या. दाणापाणी टाकून, अंग सुकेपर्यंत बसल्या. अंड्यांतून काही निघालं नाही. फोडून बघितली तर आत नुसतं पाणी. पुन्हा मांडली, पुन्हा तेच. एकीच्या घरी झालं असतं तर मेघावर ढकललं असतं, पण झालं ते सगळ्यांच्याच घरी. आणि सगळ्या घरांत गेलेला हात एकच होता.

मी तिकडे दूर होते. मला हे कळलं ते दादाचा फोन आला तेव्हा. दादा फोनवर बोलणारा माणूस नव्हे.

"तू ये," तो म्हणाला. "लोक कोंब्यो परत हाडून सोडतत."

मी आले आणि स्वतः बघितलं. सकाळी दार उघडलं की पायरीवर एक कोंबडी पडलेली असायची, पाय सुंभाने बांधलेले, चोच उघडी, जिवंत. कोण ठेवून गेलं ते दिसायचं नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी भांडायला आलं नाही. तसं केलं असतं तर मी दोन हात केले असते. वैनी सुंभ सोडायची, कोंबडीच्या पायांना खोबरेल चोळायची आणि तिला परसात सोडायची. परस भरून गेलं होतं. शेजारच्या घरी लग्न होतं, चुडा भरायला वाड्यावरच्या सगळ्या बायका गेल्या, वैनीला बोलावणं आलं नाही. ती दिवसभर चुलीपाशी काहीबाही घासत बसली.

काकांनी मला सोप्यावर बसवून घेतलं. आवाज अगदी मायेचा.

"माजां काय म्हणणां, थोडे दीस तिका कुळाराक धाडया. लोकांची तोंडां बंद होतली. मागीर बगूया."

कुळार म्हणजे माहेर. काकांच्या 'मागीर'चा, म्हणजे 'नंतर'चा, अर्थ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. दादा खांबाला टेकून नखं कुरतडत होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान वळवली. तेव्हा मला कळलं की वैनी या घरात राहणार की जाणार हे आता त्या कोंबड्यांवर आहे, आणि कोंबड्यांबद्दल या पंचक्रोशीत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. मला थोडा गर्वही झाला, खरं सांगते.

मी परसातल्या आणि वाड्यावरच्या उरलेल्या कोंबड्यांच्या पंखाखालच्या शिरेतून थेंब थेंब रक्त घेतलं. वैनीच कोंबड्या धरून द्यायची. तिच्या हातात त्या फडफडत नसत. मला निकाल आधीच माहीत होता, पण गावाला दाखवायला पुरावा हवा होता. प्रयोगशाळेतून उत्तर आलं तसंच आलं. त्या सगळ्या करड्या रानकोंब्याच्या लेकी होत्या.

देवळाच्या मंडपात आरती झाल्यावर मी उभी राहिले. देवस्थानच्या मंडळींनी कौतुकाने माईक दिला. मी एका हातात रानकोंब्याचं पीस धरलं, दुसऱ्यात आपल्या गावठी कोंबडीचं, आणि सोप्यात सोपं करून सांगितलं. हे दोघे चुलत भावंडांसारखे दिसतात, पण फार मागे वेगळे झाले. बाप त्या जातीचा आणि आई या जातीची असली की पोरं देखणी होतात. मुलगे निभावून नेतात. लेकी मात्र बहुतेक वांझ निघतात, अंडी घालतात, त्यांवर बसतात, पण आत जीव धरत नाही. यात कुणाच्या हाताचा दोष नाही. दोष रक्त न जुळण्याचा आहे.

"थंय पण बायलांच्याच कपळार!" मागून एक म्हातारी म्हणाली आणि सगळा मंडप हसला. मीही हसले. लोकांनी प्रश्न विचारले, पिसं हातात घेऊन बघितली. निघताना शेजारीण वैनीजवळ आली, तिचे हात आपल्या हातात घेतले आणि रडली. त्या संध्याकाळी वैनीने अळसांद्यांचं तोंडाक, म्हणजे चवळीचं कालवण, केलं आणि मला पाव बुडवून बुडवून खायला लावलं. कित्येक दिवसांनी ती गुणगुणत होती. मला वाटलं, शिकल्याचं सार्थक झालं.

दुसऱ्या दिवसापासून पायरीवर कोंबड्या येणं थांबलं. तिसऱ्या दिवशी काका सोप्यावर सुपारी कातरत होते, मला म्हणाले, "बरां सांगलंस हां तू देवळात. माज्या डोक्यातली गाठ सुटली."

"खंयची गाठ?"

"आमच्या घरात पोर कित्या नाय ती. डॉक्टर म्हणतत वांधो नाय. वांधो नाय तर मागीर पोर खंय? तुयाच सांगलंस. रक्त जुळूक नाय तर जीव धरणा नाय. जातीक जात होयी."

माझं डोकं फिरलं. मी ओरडून बोलले, हे कबूल आहे. माणूस सगळा एकच, म्हटलं. दोडामार्गात माणसं राहतात, रानकोंबे नव्हेत. तुमचं, माझं आणि वैनीचं रक्त शेजारी ठेवलं तर मलासुद्धा जात ओळखता येणार नाही, आणि मी हेच काम करते. बाजारातल्या कोंबडीचे पिवळे पाय म्हणजे रक्त जुळल्याचाच दाखला आहे, हेही सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"आता तू रागान बोलतंस," ते म्हणाले. "देवळात बोललंस तां थंड डोक्यान बोललंस."

मग ते वाड्यावर पसरलं. धुरासारखं, कुठून शिरलं ते कळलं नाही. आता वैनीकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नव्हतं. उलट बायका मुद्दाम थांबून तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. "तुजो काय दोष नाय गो, रक्ताचां आसा तां," म्हणायच्या. चुड्याला न बोलावणाऱ्या बायका आता फणसाचे गरे आणून द्यायच्या आणि कणव येऊन बघत राहायच्या. मी ज्या ज्या दारात भांडायला गेले तिथे मला चहा मिळाला. कुणी वाद घातलाच नाही. शिकलेलं माणूस घरच्या मायेपोटी आता शब्द फिरवतंय, एवढंच त्यांना दिसत होतं. दादाही त्यांतलाच. "तू म्हणतंस तां खरां असतला," एवढं पुटपुटून तो ट्रकचे वेल तोडायला जायचा. खाण पुन्हा सुरू होणार अशी बातमी होती. मला दादाचा राग आला, तो अजून आहे.

मी बोलणं सोडलं आणि मला जे येतं ते करायचं ठरवलं. नार्व्याला माझी मावशी राहते, नदीकाठी, शेतांच्या मधोमध. तिथे रान जवळ नाही आणि तिचा कोंबडाही निखळ गावठी. तिच्याकडून अंडी आणली. आमच्या घरच्या एका ठिपक्यांच्या कोंबडीखालीच ती ठेवायची, वैनीच्या हाताने. पिल्लं निघाली की मी ती टोपली सगळ्या वाड्यावरून फिरवणार होते. हात चांगला, उबवणारी चांगली, सगळं चांगलं. वैनीने टोपली घेतली. कोंडा घातला, कोळसा ठेवला, खिळा ठेवला आणि प्रत्येक अंडं आधी कपाळाला लावून मांडलं. असं ती आधी करत नसे.

दोन दिवसांनी सकाळी तिने कपड्यांची पिशवी भरली. कुणी जा म्हटलं नव्हतं. काका तर पडवीत पेपर वाचत होते. दादाने विचारलं, तर म्हणाली, आईला बघून येते. मी तिच्यामागून साखळीच्या स्टँडवर गेले. दोडामार्गची गाडी लागली नव्हती. ट्रकांची वर्दळ पुन्हा सुरू झाली होती, सगळीकडे तांबडी धूळ. मी तिला शपथा घातल्या. काका म्हातारे झालेत, त्यांचं काय मनावर घेतेस, म्हटलं.

"काकांचां नाय घेवक मनार," वैनी म्हणाली. "ते पैल्यापासून बोलतत. लोक हातगुण नाय म्हणाले, तेवापण मी म्हटलां, म्हणूंदेत. पण वन्सं, तुमी सांगलात."

"वैनी, मी कोंब्यांचां सांगलां!"

"व्हय. माका कळलां. बाकी कोणाक कळूक नाय तितक्या माका कळलां. त्यो कोंब्यो बसतत मां अंड्यार, उठनत नाय. आत काय नाय तरी उठनत नाय. मी बगी होतंय रोज." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "ह्येंका पोर होवक व्हयां. मी उठलंय नाय तर ते पण तसेच बसान रवतले."

मी रडले, स्टँडवर, सगळ्यांच्या देखत. तिनेच पदराने माझं तोंड पुसलं. तुम्ही कधी खोटं सांगितलं नाहीत, म्हणाली, आता माझ्यासाठी सांगू नका. गाडी आली आणि ती चढली. खिडकीतून तिने मला टोपलीवर मुंगुसाची नजर पडू देऊ नका म्हणून बजावलं.

मी रजा वाढवून राहिले. त्या टोपलीपाशी मी जितकी बसले तितकी प्रयोगशाळेतल्या कुठल्या यंत्रापाशी बसले नसेन. डंपवर मशीनं चढली होती, झाडोरा निघत होता, आणि तो करडा आता आणखी खाली, अगदी न्हाणीघराच्या छपरापर्यंत येऊन आरवत होता. पहिल्यांदा एका अंड्याला तडा गेला, मग दुसऱ्याला. संध्याकाळपर्यंत कोंबडीच्या पिसांतून सगळीकडून चोची बाहेर आल्या. एकही अंडं फुकट गेलं नाही. मला इतका आनंद झाला की चप्पल न घालताच अंगणात गेले आणि तिथूनच वैनीला फोन लावला.

"वैनी, सगळी निघाली! एकूणएक! तुज्या हाताची!"

पलीकडे कुणीतरी पाणी ओतत होतं, ते थांबलं. तिने आधी विचारलं, कणी बारीक करून घातली काय. घातली म्हटलं. पाणी उथळ बशीत ठेवलं काय. ठेवलं म्हटलं. मग ती समाधानाने, मला धीर द्यावा तशी म्हणाली,

"निघतलीच मां, वन्सं. गावठीक गावठी मिळालो."